टूरिंग मोटारसायकलवर इंजिन ऑइलचं तापमान: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विदर्भातल्या खेड्यापाड्यांतून, तालुक्याच्या गावांतून लांब पल्ल्यावर जाणाऱ्यांसाठी ही प्रश्नोत्तरं आहेत. इथे मे महिन्यात सावलीतलं तापमान ४५ अंशांवर जातं आणि डिसेंबरातल्या पहाटे तेच ८-१० वर उतरतं. एवढी तफावत सोसणाऱ्या इंजिनाची हालत ऑइलच्या तापमानावरून जेवढी कळते, तेवढी दुसऱ्या कशावरून कळत नाही. इथले सगळे आकडे सेल्सिअसमध्ये आहेत.

गाडीच्या मीटरवर टेंपरेचर दिसतंच. मग ऑइलचं वेगळं कशाला पाहायचं?

मीटरवरच्या त्या दांड्या बहुतेक वेळा कूलंटच्या, म्हणजे इंजिन थंड ठेवण्यासाठी फिरणाऱ्या द्रवाच्या असतात. कूलंट चार-पाच मिनिटांत गरम होतं आणि थर्मोस्टॅट (तापमानानुसार उघडझाप करणारी झडप) व पंखा मिळून त्याला एका पट्ट्यात धरून ठेवतात. त्यामुळे इंजिनावर ताण आला तरी दांड्या बराच वेळ हलत नाहीत. ऑइलचं तसं नाही. ते पिस्टनखाली, बेअरिंगमध्ये, गिअरमध्ये आणि क्लचच्या प्लेटांमध्ये फिरतं आणि तिथली उष्णता उचलून चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाशी ऑइल साठतं तिथे आणतं. भार वाढला की त्याचा आकडा चढतो, भार उतरला की उतरतो.

एअर-कूल्ड किंवा एअर-ऑइल-कूल्ड गाड्यांत तर कूलंटच नाही. रॉयल एनफील्डच्या हिमालयन ४११ आणि इंटरसेप्टर ६५० या गाड्यांना समोर ऑइल कूलर आहे, म्हणजे इंजिन थंड ठेवायचं बरंच काम ऑइलकडेच आहे. अशा गाडीवर दूरचा प्रवास करणाऱ्याने हा आकडा पाहिलाच पाहिजे.

किती तापमान बरोबर समजायचं?

चेंबरमधल्या ऑइलसाठी ८० ते ११० हा चांगला पट्टा. ९० ते १०० असेल तर उत्तम. ७० च्या खाली असताना इंजिन पिळू नका, कारण ऑइल अजून जाड आहे. ११० ते १२० उन्हाळ्यात चालतं, पण नजर ठेवा. १२० च्या वर गेलं की वेग कमी करा. १३० टिकून राहत असेल तर थांबायची जागा शोधा. चांगलं सिंथेटिक ऑइल त्याहून वरचं तापमान थोडा वेळ सोसतं हे खरं, पण चेंबरमध्ये १३० म्हणजे बेअरिंगपाशी आणि पिस्टनच्या रिंगांपाशी त्याहून बरंच जास्त असतं, हे विसरू नये.

डिसेंबरात ८५ दाखवत होतं, आता मे महिन्यात त्याच रस्त्यावर १०५. गाडीत बिघाड झाला का?

बहुधा नाही. नुसता आकडा पाहून निष्कर्ष काढू नका, फरक पाहा. फरक म्हणजे ऑइलच्या तापमानातून बाहेरच्या हवेचं तापमान वजा करून उरतो तो आकडा.

इंजिनाची उष्णता शेवटी हवेतच जाते, आणि ती किती वेगाने जाते हे ऑइल आणि हवा यांच्यातल्या फरकावर ठरतं. म्हणून तोच वेग, तेवढंच सामान आणि तोच रस्ता असेल तर फरक साधारण तेवढाच राहतो. समजा हिंगणघाट ते पांढरकवडा या सपाट रस्त्यावर ८० च्या वेगाने तुमच्या गाडीचा फरक ६० येतो. मग डिसेंबरच्या दुपारी हवा २७ असेल तर ऑइल ८७ च्या आसपास दिसेल आणि मे महिन्यात हवा ४५ असेल तर १०५. दोन्ही आकडे निरोगी गाडीचे आहेत.

उलट थंडीत, हवा २५ असताना ऑइल १०५ दाखवायला लागलं, तर आकडा चांगल्या पट्ट्यात असूनही गाडीचं काहीतरी बिनसलंय. फरक ६० चा ८० झाला आहे. अशा वेळी ऑइलची पातळी, कूलरची जाळी, घट्ट बसलेला ब्रेक, ताणलेली चेन आणि टायरमधली हवा हे सगळं तपासा.

म्हणून सेन्सर बसवल्यावर पहिले दोन-तीन प्रवास वहीत टिपून ठेवा: रस्ता, वेग, मागे कोणी बसलं होतं का, हवेचं तापमान, ऑइलचं तापमान. हवेचं तापमान मोबाइलवरून घेतलं तरी चालतं. ते सावलीतलं असतं आणि डांबरावरची हवा त्याहून गरम असते, पण तुलना कायम त्याच आकड्याशी केली की पुरे. दुसऱ्याच्या गाडीचा फरक मात्र तुमच्या कामाचा नाही. ऑइल कूलरला थर्मोस्टॅट असलेल्या गाडीत थंडीचे आकडे या हिशोबात नीट बसत नाहीत, तिथे उन्हाळ्याची तुलना उन्हाळ्याशीच करा.

सेन्सर कुठे बसवावा?

जागा बदलली की आकड्याचा अर्थ बदलतो, त्यामुळे आधी जागा ठरवा आणि मग मीटर घ्या.

सगळ्यात सोपी म्हणजे डीपस्टिकवाली तबकडी. ऑइलचं झाकण काढायचं आणि त्याच आट्यांची, खाली दांडी असलेली तबकडी बसवायची. वायर नाही, कापाकापी नाही. दांडी ऑइलमध्ये बुडाली पाहिजे आणि आतल्या गिअरला किंवा क्लचला लागता कामा नये, म्हणून तुमच्या मॉडेलसाठीच बनवलेली घ्या. तोटा हा की चालत्या गाडीवर ती दिसत नाही, थांबून खाली वाकून पाहावी लागते. सिंगल सिलिंडरच्या कंपनाने काही वर्षांत काटाही खोटा दाखवू लागतो.

ड्रेन नटच्या जागी बसणारा सेन्सर हा आमच्या मते बहुतेकांसाठी योग्य पर्याय. तो चेंबरच्या तळाचं, म्हणजे इंजिनभर फिरून परत आलेल्या ऑइलचं तापमान देतो आणि वर दिलेला पट्टा त्याच जागेचा आहे. धोका एकच: तो खाली लोंबतो. गावच्या वेशीवरचा उंच गतिरोधक किंवा पांदणीतला दगड लागून तो तुटला तर सगळं ऑइल रस्त्यावर. खाली लोखंडी किंवा अॅल्युमिनियमची बॅश प्लेट नसेल तर हा प्रकार नको.

तिसरी जागा ऑइल कूलरच्या पाइपावर. कूलरकडे जाणाऱ्या पाइपात बसवला तर गरम आकडा मिळतो, परतणाऱ्या पाइपात बसवला तर थंड. दोन्हीकडे बसवले तर कूलर किती काम करतोय हे सरळ कळतं. पण तिथे जोड वाढतात आणि ऑइल दाबाखाली असतं. हे काम मिस्त्री ओळखीचा आणि हाताने चांगला असेल तरच करा.

ड्रेन नटवाला सेन्सर घरी बसवता येईल का?

येईल. पुढच्या वेळी ऑइल बदलायचं असेल तेव्हाच करा, म्हणजे जादा खर्च नाही.

आधी आटे जुळवा. ड्रेन नट बहुधा १२ किंवा १४ एमएमचे असतात आणि पिच, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर, दीड किंवा सव्वा एमएम. जुना नट सोबत घेऊन दुकानात जा, सेन्सरच्या आट्यांवर तो आडवा टेकवून पाहा. दोघांचे आटे दातात दात बसावेत तसे बसले पाहिजेत. डोळ्याने सारखं वाटतं म्हणून घेऊ नका. सेन्सरचा आत जाणारा भाग जुन्या नटापेक्षा फार लांब असेल तर तो आतल्या जाळीला लागू शकतो, तेही मोजा.

गाडी पाच मिनिटं चालवून ऑइल कोमट करा आणि मग नट खोला. नुकतीच लांबून आलेली गाडी खोलू नका, शंभर अंशांचं ऑइल मनगटावर आलं तर कातडी सोलून निघते. ऑइल पूर्ण उतरलं की बसायची जागा सुती फडक्याने पुसा, नवा तांब्याचा किंवा अॅल्युमिनियमचा वायसर टाका आणि सेन्सर आधी नुसत्या बोटांनी फिरवा. तीन-चार फेरे बोटांनी गेलाच पाहिजे. अडला तर पाना लावू नका, बाहेर काढून परत सुरुवात करा. चेंबर अॅल्युमिनियमचं असतं, एकदा आटे मेले की लेथवर नेऊन हेलिकॉइल (तारेचे नवे आटे) टाकावं लागतं.

शेवटी टॉर्क पान्याने घट्ट करा. १४ एमएमच्या नटाला साधारण २५ न्यूटन-मीटर लागतात, पण आकडा गाडीच्या पुस्तकातला धरा. सेन्सर आतून पोकळ असल्यामुळे साध्या नटापेक्षा लवकर तुटतो, लांब पान्याने जोर करू नका. ऑइल भरा, इंजिन दोन मिनिटं चालवा, बंद करून पाच मिनिटांनी पातळी पाहा आणि खाली पुठ्ठा ठेवून रात्रभर गळती तपासा.

टेफलॉन टेप लावायची का?

वायसर असलेल्या सरळ आट्यांना नाही. निमुळत्या आट्यांच्या सेन्सरला थोडी चालते. पण सेन्सर एका वायरचा असेल तर त्याला अर्थिंग इंजिनाच्या धातूतून मिळतं. टेपने ते तुटलं की मीटर चुकीचा, बहुधा थंड आकडा दाखवतं. दोन वायरींच्या सेन्सरला ही अडचण नाही, म्हणून घेताना दोन वायरींचाच घ्या.

वायर कशी न्यायची?

सायलेन्सरच्या बेंड पाइपापासून हातभर दूर. साधी पीव्हीसी वायर इंजिनाजवळ वितळते. सेन्सरपासून पहिली फूट-दीड फूट सिलिकॉनची वायर वापरा, वरून फायबरग्लासची नळी चढवा आणि फ्रेमला टाय लावून बांधा. हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून वायर ताणत नाही ना ते पाहा.

मीटरची लाइन चावीनंतरच्या सर्किटमधून घ्या, १ किंवा २ अँपिअरचा फ्यूज टाकून. थेट बॅटरीवरून घेतली तर गाडी उभी असतानाही मीटर चालू राहतं आणि आठवडाभर गाडी काढली नाही की बॅटरी उतरते. मीटर पाणी न शिरणारं असावं. एलसीडीचा पडदा भर उन्हात उभ्या गाडीवर काळा पडतो आणि थंड झाला की बहुधा परत दिसतो. थांबल्यावर त्यावर टोपी किंवा फडकं टाकलं तरी भागतं.

मीटर खरं दाखवतंय हे कसं समजायचं?

बसवायच्या आधी सेन्सर वायरने मीटरला जोडा आणि उकळत्या पाण्यात धरा, भांड्याच्या तळाला टेकू न देता. समुद्रसपाटीपासून दर ३०० मीटरला पाणी साधारण एक अंश आधी उकळतं. नागपूर सुमारे ३१० मीटरवर आहे, तिथे ९९ दिसायला हवं. चिखलदऱ्याला सुमारे ११०० मीटरवर ९६ च्या आसपास. दुसरी तपासणी बर्फ घातलेल्या पाण्यात, ढवळत राहून: ० ते २. दोन-तीन अंशांची चूक चालते, फक्त ती लक्षात ठेवा. दहा अंशांची चूक असेल तर दुकानात परत द्या.

मीटर एकदम सगळ्यात खाली किंवा एकदम सगळ्यात वर जातं. ऑइल खरंच तसं झालं का?

नाही. ऑइल दोन-चार लिटरचं असतं, त्याचं तापमान एका क्षणात चाळीस अंश बदलत नाही. आकड्याची उडी म्हणजे वायरचा दोष. स्वस्त मीटरांत बहुधा एनटीसी सेन्सर असतो, ज्याचा रोध गरम झाल्यावर कमी होतो. त्याची वायर तुटली तर मीटर सगळ्यात थंड दाखवतं आणि वायर बॉडीला चिकटली तर सगळ्यात गरम. एवढं लक्षात ठेवलं तर रस्त्यावर अर्धा शोध लागलेलाच असतो. थर्मोकपल (दोन वेगळ्या धातूंच्या तारांचा सेन्सर) वापरत असाल तर वायर वाढवताना साधी तांब्याची जोडू नका, त्याच प्रकारची जोडा. आणि टोकं उलट जोडली गेली तर इंजिन तापताना आकडा खाली जातो.

इन्फ्रारेड गन चालेल का?

कामचलाऊ. उघड्या चकचकीत अॅल्युमिनियमवर ती फार कमी दाखवते, कारण चकचकीत धातू स्वतःची उष्णता कमी फेकतो आणि आजूबाजूची परावर्तित करतो. चेंबरवर रुपयाच्या नाण्याएवढा मॅट काळा, उष्णता सोसणारा रंग लावा आणि दर वेळी तिथेच, जवळून धरून मोजा. आतलं ऑइल बाहेरच्या भिंतीपेक्षा गरम असतं हे धरून चाला. तुलनेसाठी ठीक, चालत्या गाडीवर निरुपयोगी.

बीएस-६ गाडीच्या ओबीडी सॉकेटमधून (बिघाड तपासायच्या जोडणीतून) आकडा मिळतो म्हणतात.

काही गाड्यांत मिळतो. पण अॅपवर जे कूलंट म्हणून दिसतं, ते एअर-कूल्ड गाडीत हेडवरच्या किंवा इंजिनावरच्या सेन्सरचं असू शकतं. ते चेंबरच्या ऑइलपेक्षा बरंच वर असतं. सेन्सर कुठे आहे हे सर्व्हिस मॅन्युअलमध्ये पाहिल्याशिवाय त्या आकड्याला वरचा पट्टा लावू नका.

घाटात आकडा झपाट्याने चढतो. काय करायचं?

परतवाड्याहून चिखलदऱ्याला चढताना किंवा सेमाडोहच्या वळणांवर हे हमखास होतं. वेग २०-३०, समोर लाकडाचा ट्रक, मागे सामान, हवा गरम. इंजिन पूर्ण जोर लावतंय आणि कूलरवर वारा नाही.

पहिली गोष्ट म्हणजे अर्धा क्लच दाबून चालवणं बंद करा. मोटारसायकलचा क्लच इंजिनाच्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो, तो घासला की सगळी उष्णता थेट ऑइलमध्ये जाते. ट्रकच्या मागे क्लच धरून रांगण्यापेक्षा वळणाच्या बाहेरच्या मोकळ्या जागी थांबा, ट्रक अर्धा किलोमीटर जाऊ द्या आणि मग एका लयीत चढा.

दुसरी, गिअर खालचा ठेवा. वरच्या गिअरमध्ये इंजिन गुरगुरत चढवलं की पिस्टनवर भार जास्त आणि ऑइल पंप मात्र हळू फिरतो. एक गिअर कमी केला की पंप जोरात फिरतो आणि कूलरमधून ऑइल जास्त जातं.

सपाट रस्त्यावर उपाय वेगळा. तिथे वेग कमी करणं हाच खरा उपाय. ८० वरून १०० वर गेलात की हवेला कापायला लागणारी ताकद जवळपास दुप्पट होते, वारा मात्र फक्त पाव हिश्शाने वाढतो. म्हणून भर उन्हात १०० वरून ८० वर आलात की दहा-पंधरा मिनिटांत आकडा उतरू लागतो. समृद्धी महामार्गावर दुचाकीला बंदी आहे, त्यामुळे आपला प्रवास जुन्या रस्त्यांनीच होतो. त्या रस्त्यांवर ७० ते ८० हा वेग उन्हाळ्यात गाडीलाही मानवतो आणि माणसालाही. नवतपात, म्हणजे मे अखेरच्या तापत्या नऊ दिवसांत तर पहाटे पाचला निघून अकराच्या आत मुक्काम गाठलेला बरा.

थांबल्यावर इंजिन चालू ठेवायचं की बंद? पाणी मारलं तर?

एअर-कूल्ड गाडी उभी करून चालू ठेवली तर वारा नसल्याने ती आणखी तापते. आकडा १२०-१२५ असेल आणि रस्ता मोकळा असेल तर वरच्या गिअरमध्ये, पण गुरगुरू न देता, ५०-६० ने हलकी चालवणं चांगलं. १३० टिकलं तर सावलीत थांबून बंद करा. कूलंटवाल्या गाडीत पंखा चालू असेल तर त्याला काम संपवू द्या.

पाणी कधीही मारू नका. तापलेल्या ब्लॉकवर बोअरचं गार पाणी पडलं की धातू एका बाजूने आक्रसतो. हेड वाकडं होऊ शकतं, फिन तडकू शकतात.

गरम गाडी जागेवर नुसती चालू असताना ऑइल प्रेशरचा लाल दिवा लुकलुकला तर आकडा काहीही असो, इंजिन लगेच बंद करा. ऑइल पातळ होऊन किंवा कमी होऊन दाब राहिलेला नाही.

उन्हाळ्यात जाड ऑइल टाकावं का?

गाडीच्या पुस्तकात दोन ग्रेड दिले असतील तर उन्हाळ्यात जाड निवडा, नाहीतर दिलेलाच ग्रेड ठेवा. १०डब्ल्यू-४० मधला पहिला आकडा थंडीचा. २०डब्ल्यूची इंजिन फिरवायची चाचणीसुद्धा उणे १५ अंशांवर होते, त्यामुळे आपल्या थंडीला तो आकडा कधीच अपुरा पडत नाही. दुसरा आकडा १०० अंशांवरच्या जाडीचा, आपल्या कामाचा तोच. ४० ग्रेड १०० अंशांवर १२.५ ते १६.३ सेंटीस्टोक (जाडीचं माप) असतो, ५० ग्रेड १६.३ ते २१.९. जाड ऑइल इंजिन थंड करत नाही, उलट आतलं घर्षण थोडं वाढवतं. ते फक्त गरम झाल्यावर धातूंमधला थर टिकवतं.

डब्यावर जासो एमए किंवा एमए-२, म्हणजे ऑइलमध्ये बुडालेल्या क्लचला चालणारं ऑइल असल्याची खूण, लिहिलेलं असलंच पाहिजे. कारचं ऑइल स्वस्त मिळालं म्हणून टाकलं तर क्लच घसरू शकतो आणि घसरणारा क्लच परत ऑइलच तापवतो.

पातळी थोडी जास्त ठेवली तर गार राहील का?

नाही. जास्त भरलं की क्रँक ऑइल घुसळतो, फेस होतो आणि तापमान वाढतं. वरच्या खुणेच्या किंचित खाली ठेवा. पातळी पाहताना गाडी मधल्या स्टँडवर किंवा कोणाला तरी सरळ धरायला सांगून, सपाट जमिनीवर.

ऑइल कूलर साफ कसा करायचा?

कापसाच्या हंगामात जिनिंगच्या रस्त्यांवर उडणारी रुई कूलरच्या जाळीत अडकते, वरून काळ्या मातीचा चिखल बसतो आणि वाळल्यावर त्याचा गिलावा होतो. समोरून पाहिलं तर जाळी नुसती मळकी दिसते, पण वारा जात नाही. पाण्याचा हलका झोत मागून पुढे मारा. माती भिजायला दहा मिनिटं द्या आणि मऊ ब्रश पात्यांच्या दिशेनेच फिरवा. सर्व्हिसिंग सेंटरची प्रेशरची बंदूक जवळून मारली तर पाती वाकतात आणि वारा कायमचा अडतो. जादा लाइट, हॉर्न किंवा पेट्रोलचा कॅन कूलरच्या तोंडासमोर बांधू नका.

कूलंटमध्ये विहिरीचं पाणी टाकलं तर ऑइलवर परिणाम होतो का?

होतो. अकोला, अमरावती, बुलडाण्यातल्या खारपाणपट्ट्यातलं पाणी रेडिएटरमध्ये क्षार धरतं, कूलंट उष्णता नेईनासं होतं आणि ती ऑइलमध्ये साचते. तयार कूलंट किंवा डिस्टिल्ड वॉटरच वापरा.

जुनी कार्ब्युरेटरची गाडी हल्ली जास्त तापते.

साध्या पेट्रोलवर सेट केलेला कार्ब्युरेटर २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलवर मिश्रण पातळ करतो, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी पडतं आणि इंजिन तापतं. प्लग काढून पाहा. टोक पांढरट असेल तर मिस्त्रीकडून जेट आणि टॅपेट तपासून घ्या.

गाडी बहुतेक वेळा गावातून शेतात एवढीच जाते. मग आकडा ६० वरच राहतो.

हेही गाडीला चांगलं नाही. ऑइल ८०-९० ला गेलं नाही तर त्यातलं पाणी आणि कच्चं पेट्रोल उडून जात नाही. पावसाळ्यात आणि थंडीत झाकणाच्या आत पांढरी साय जमते ती याचीच. आठवड्यातून एकदा २५-३० किलोमीटर एका वेगाने चालवा आणि मीटरवर ९० दिसेपर्यंत परतू नका.

फार तापलेलं ऑइल लवकर बदलायचं का?

हो. ढोबळ नियम असा की दर १० अंशांनी ऑइल सडायचा वेग दुप्पट होतो. उन्हाळ्याच्या प्रवासात ते तासन्‌तास १२० च्या वर राहिलं असेल तर ठरलेल्या किलोमीटरच्या निम्म्यावर बदला. जळकं ऑइल धुऱ्यावर किंवा नाल्यात ओतू नका, डब्यात भरून गॅरेजवर द्या.

दूरच्या प्रवासाला यासाठी सोबत काय ठेवावं?

त्याच ग्रेडचं अर्धा लिटर ऑइल, दोन नवे वायसर, मापाचा पाना आणि काढून ठेवलेला मूळ ड्रेन नट. भामरागडच्या रस्त्यावर दगड लागून सेन्सरची मान तुटली तर तो जुना नट लावून गळती थांबते. मग वाटेतल्या गावातून ऑइल मागवून भरा आणि आलापल्लीपर्यंत हळू परत या.